आधी वही उघडा, मग मोबाइल

(दहावी ते पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या अभ्यास शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



मी गणिताचा शिक्षक आहे. दिवसा शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत बसतो. रात्री साडेनऊ वाजले की माझा मोबाइल वाजायला लागतो. एक फोटो येतो. पुस्तकाचं पान तिरपं, अर्धं अंधारात, कोपऱ्यात चहाचा कप. खाली लिहिलेलं असतं, ‘सर आन्सर प्लीज, अर्जंट.’ नाव नाही, इयत्ता नाही, कोणतं गणित अडलंय तेही नाही. पाच मिनिटांनी दुसरा मेसेज येतो, फक्त एक प्रश्नचिन्ह. आणखी पाच मिनिटांनी तीन प्रश्नचिन्हं.

तुम्ही हसताय. म्हणजे तुमच्यातल्या काहींनी असा मेसेज कुणाला तरी पाठवलेला आहे.

आज मला तुमच्याशी याच विषयावर बोलायचं आहे. ऑनलाइन मदत मागू नका असं मी सांगणार नाही. ते सांगणं अन्यायाचं होईल. ज्या घरात वडील इंजिनिअर आहेत, आई शिक्षिका आहे, त्या मुलाला गृहपाठ अडला तर तो आवाज देतो आणि शेजारच्या खोलीतून उत्तर येतं. आपल्यातल्या अनेकांच्या घरी शेजारची खोलीच नाही. अब्बा रिक्षा लावून दहाला घरी येतात, अम्मी चौथीपर्यंत शिकलेली. ती तुमच्यासाठी रात्री जागेल, चहा करून देईल, पण वर्गसमीकरण कसं सोडवायचं हे तिला सांगता येणार नाही. घरातली पहिली शिकणारी पिढी असलेल्या मुलांसाठी मोबाइलवरून विचारणं ही गरज आहे. म्हणूनच ते नीट शिकून घ्यायला हवं. कसंही विचारलं तर ज्या दारातून मदत यायची, त्याच दारातून नुकसान आत येतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी अभ्यासिकेत दहावीची एक मुलगी यायची. सातवीपर्यंत उर्दू माध्यम, आठवीपासून मराठी. हुशार, पण वर्गात हात वर करायला लाजायची. मी म्हटलं, ‘वर्गात नाही विचारत तर मोबाइलवर विचार.’ मग ती रोज रात्री गणिताचा फोटो पाठवायची. मी कागदावर ते पूर्ण सोडवून, स्वच्छ अक्षरात, त्याचा फोटो परत पाठवायचो. जूनपासून डिसेंबरपर्यंत हे चाललं. मला मनातून बरं वाटायचं, की आपण एका गरजू मुलीला मदत करतोय. तिचा गृहपाठ कायम पूर्ण. वहीवर बाईंचे ‘उत्तम’ असे शेरे.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. बीजगणिताचा पेपर चाळीस गुणांचा. तिला अकरा मिळाले.

ती अभ्यासिकेत आली, पेपर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, ‘सर, तुमच्या कागदावर सगळं समजतं. माझ्या हाताला काहीच येत नाही.’

मी गप्प बसलो. तिचा दोष नव्हता. सहा महिने गणितं मी सोडवत होतो, ती उतरवत होती. सराव माझा झाला. चाळीस वर्षांच्या शिक्षकाला दहावीच्या गणिताचा सराव कशाला हवा होता? आणि पुढची गोष्ट तिने सांगितली नसती तर मला कळलीही नसती. घरी बोलणं सुरू झालं होतं, ‘गणित जमत नाही तर दहावीनंतर पुढे कशाला शिकायचं?’ माझ्या त्या स्वच्छ अक्षरातल्या उत्तरांनी तिचं शिक्षण जवळजवळ थांबवलं होतं.

त्या दिवशी आम्ही दोघांनी एक नियम केला. तिने प्रश्न पाठवायचा तो स्वतः केलेल्या प्रयत्नाच्या फोटोसह. प्रयत्न चुकीचा असला तरी चालेल, अर्धा असला तरी चालेल, पण कोऱ्या वहीला मी उत्तर देणार नाही. आणि मी एका वेळी एकच ओळ सांगणार. पहिले आठ दिवस ती माझ्यावर नाराज होती. ‘सर बदलले,’ असं मैत्रिणींना म्हणायची. नवव्या-दहाव्या दिवशी हा मेसेज आला. तो मी जपून ठेवला आहे, तिची परवानगी घेऊन वाचतो.

‘सर, दहावी, बीजगणित, वर्गसमीकरणं. आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटर जास्त आहे. क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर. लांबी, रुंदी काढायची आहे. मी रुंदी क्ष मानली, लांबी क्ष + ५. गुणाकार करून समीकरण आलं क्ष² + ५क्ष + ८४ = ०. विवेचक काढला तर −३११ आला. म्हणजे उत्तरच नाही. पण बाग तर आहे! माझं कुठे चुकलं? पूर्ण सोडवून देऊ नका.’

हा मेसेज आणि तो ‘आन्सर प्लीज’ शेजारी शेजारी ठेवून बघा. या मेसेजमध्ये इयत्ता आहे, प्रकरण आहे, पूर्ण प्रश्न आहे. तिने काय केलं ते आहे, कुठे अडली ते आहे, आणि कोणती मदत हवी तेही आहे. शिवाय त्यात एक फार मोलाचं वाक्य आहे, ‘पण बाग तर आहे!’ उत्तर ऋण आलं तेव्हा तिने ते मुकाट्याने उतरवलं नाही, तिला शंका आली. आकड्यांच्या मागे खरी बाग आहे हे तिने बघितलं. ज्याला अशी शंका येते तो विद्यार्थी शिकायला लागलेला असतो.

मला उत्तर लिहायला दहा सेकंद लागले. मी लिहिलं, ‘८४ हे समान चिन्हाच्या पलीकडून अलीकडे आणताना त्याच्या चिन्हाचं काय होतं?’ दोन मिनिटांनी तिचा मेसेज आला, ‘वजा! क्ष² + ५क्ष − ८४ = ०. रुंदी ७, लांबी १२. दुसरं उत्तर −१२ येतं, पण रुंदी वजा नसते म्हणून सोडलं.’ ते वजा बारा सोडायचं मी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिला सुचलं.

इथे एक छोटी गोष्ट सांगतो. बीजगणिताला इंग्रजीत अल्जिब्रा म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’ या अरबी शब्दावरून आला. समीकरणाच्या एका बाजूला वजा असलेलं पद दुसऱ्या बाजूला नेऊन मिळवायचं, या क्रियेला त्यांनी अल-जब्र म्हटलं होतं. म्हणजे आपल्या या मुलीची चूक नेमकी बीजगणिताच्या नावातल्या जागीच झाली होती. मुलांना हे सांगितलं की त्यांना अभिमान वाटतो. वाटू द्या. पण त्या अभिमानाने वहीतलं चिन्ह आपोआप बदलत नाही. ते आपल्याच पेनाने बदलावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही ओळखीचे होतात. अनोळखी माणसाला कसं विचारायचं? ऑनलाइन तर बहुतेक सगळे अनोळखीच असतात.

अनोळखी माणसाला मदत मागण्याचं आपल्या देशातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण सांगतो. तेव्हा इंटरनेट नव्हतं, टपाल होतं. १६ जानेवारी १९१३ या तारखेचं एक पत्र मद्रासहून केंब्रिजला गेलं. लिहिणारे श्रीनिवास रामानुजन, मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागातले कारकून, पगार वर्षाला वीस पौंड. ज्यांना लिहिलं ते जी. एच. हार्डी, नामवंत गणितज्ञ. दोघांची ओळख नाही. त्याआधी रामानुजन यांनी केंब्रिजच्या आणखी दोघा गणितज्ञांना लिहिलं होतं, तिथून काही मदत मिळाली नव्हती.

त्या पत्रात काय होतं ते बघा. मी कोण आहे, हे सुरुवातीलाच. विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही, हेही लपवलेलं नाही. हार्डींची एक पुस्तिका वाचल्याचं सांगून तिच्यातल्या एका विधानाचा नेमका उल्लेख होता. म्हणजे ज्यांना विचारायचं त्यांचं काम आधी वाचलेलं होतं. आणि सोबत स्वतः शोधलेल्या प्रमेयांचे कागद. ‘मला गणित शिकवा’ एवढंच लिहून पाठवलं असतं तर ते पत्र बहुधा केराच्या टोपलीत गेलं असतं. गंमत म्हणजे त्या कागदांतलं सगळंच बरोबर नव्हतं. मूळ संख्यांबद्दलचा त्यांचा एक दावा पुढे चुकीचा निघाला. पण काम समोर होतं म्हणून हार्डींना दोन्ही दिसलं, बुद्धीची झेपही आणि चूकही. त्यांनी उत्तर पाठवलं आणि सिद्धता मागितल्या. पुढच्या वर्षी, १९१४ मध्ये, रामानुजन इंग्लंडला गेले.

आपण सगळे रामानुजन नाही, मीही नाही. पण पत्र तसं लिहिता येतं. त्याला अलौकिक बुद्धी लागत नाही. तुमच्या चुका दाखवायला लाजू नका. चूक दिसली तरच समोरचा मदत करू शकतो. डॉक्टरकडे जाऊन दुखतंय कुठे ते सांगायचं नाही आणि औषध मात्र मागायचं, असं आपण करत नाही ना?

आता थोडं व्यवहाराचं बोलू. विचारण्याआधी काय करायचं? पहिलं, वही उघडायची आणि वीस मिनिटं एकट्याने झगडायचं. घड्याळ लावा. दुसरं, पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण परत वाचायचं. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात, हा माझा रोजचा अनुभव आहे. पुस्तक फाटलं असेल, भावाने नेलं असेल, तरी बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पुस्तकात छापलेला क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये स्कॅन केला तर त्या धड्याचं साहित्य उघडतं. हे आधी बघा.

एवढं करूनही अडलं तर विचारा. प्रश्न पूर्ण लिहा. फोटो पाठवायचा तर पान सरळ, उजेडात धरा. कॉलेजमध्ये प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनी एरर आला की ‘कोड चालत नाही’ एवढंच लिहू नये. एररचा मजकूर जसाच्या तसा कॉपी करून द्या आणि कोडचा तेवढाच भाग द्या जिथे अडचण येते. तो भाग वेगळा काढतानाच अनेकदा आपली चूक आपल्याला सापडते. एकच प्रश्न एकाच वेळी पाच ग्रुपवर टाकू नका. पाच माणसं आपापला वेळ काढून तेच उत्तर लिहितात आणि त्यातल्या चौघांचा वेळ वाया जातो. उत्तर मिळालं की सांगा, ‘जमलं, चूक इथे होती.’ शुक्रिया म्हणा. ही माणसं पगारी नाहीत. कुणी नोकरीवरून थकून आलेलं असतं, कुणी स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून तुम्हाला लिहीत असतं.

आणि रात्री अकराला, उद्या सकाळी वही द्यायची म्हणून विचारू नका. घाईत असलेल्या माणसाला समजून घ्यायचं नसतं, त्याला फक्त सुटका हवी असते.

अनेकांना भाषेची भीती वाटते. ‘सर, इंग्रजी येत नाही, कसं विचारू?’ मराठीत विचारा, उर्दूत विचारा, हिंदीत विचारा. मोडकं-तोडकं इंग्रजी लिहून प्रश्न धूसर करण्यापेक्षा आपल्या भाषेतला स्पष्ट प्रश्न बरा. पण एक काम करा. वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखा, उर्दू, मराठी आणि इंग्रजी. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. ज़ाविया, कोन, अँगल. रक़बा, क्षेत्रफळ, एरिया. मसावात, समीकरण, इक्वेशन. ज़ियाई तालीफ़, प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस. माध्यम बदललेल्या मुलाला अनेकदा विषय येत असतो, फक्त त्याचं नवं नाव माहीत नसतं. आणि तो समजतो की आपल्याला विषयच येत नाही. ही तीन रकान्यांची वही तो गैरसमज घालवते. शोधतानाही कामाला येते, कारण नेमका शब्द टाकला तरच नेमकं पान सापडतं.

आता तुमच्या सगळ्यांच्या मनात असलेला विषय. एआय. चॅटबॉट. तो कधी रागावत नाही, रात्री दोनलाही उत्तर देतो, तीन प्रश्नचिन्हं पाठवावी लागत नाहीत. मग सरांची गरज काय?

त्याचा उपयोग करा. मीही करतो. पण लक्षात ठेवा, तो चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराच्याच थाटात देतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये, चॅटजीपीटी येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या जागेने त्याच्याकडून लिहून घेतलेली उत्तरं टाकायला बंदी केली. कारण हेच होतं की उत्तरं दिसायला चांगली होती आणि त्यातली बरीच चुकीची निघत होती. त्यानंतर ही साधनं पुष्कळ सुधारली आहेत, पण पडताळणी करायची जबाबदारी अजून तुमचीच आहे. आपल्या बागेचं गणित घ्या. बारा गुणिले सात चौऱ्याऐंशी, बारा वजा सात पाच. पडताळायला अर्धा मिनिट लागतो. इतिहासातली तारीख असेल तर पाठ्यपुस्तकात बघा, मराठी विश्वकोशात बघा, तो ऑनलाइन मोफत आहे.

दुसरी चूक याहून मोठी आहे, आणि ती त्याची नाही, आपली आहे. तुम्ही उत्तर मागितलं तर तो उत्तर देणार. सहा महिने मी तेच तर करत होतो! त्याला वेगळं सांगा. ‘मी दहावीत आहे. उत्तर देऊ नकोस. माझी कृती बघ आणि पहिली चूक कोणत्या ओळीत आहे एवढंच सांग.’ किंवा, ‘या धड्यावर मला पाच प्रश्न विचार.’ तुम्ही त्याला शिक्षक बनवलंत तर तो शिकवेल. हमाल बनवलंत तर तो तुमचं ओझं उचलेल, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये त्याला प्रवेश नाही. तिथे ते ओझं तुम्हालाच उचलायचं आहे.

निबंधाचं काय? गणितात निदान उत्तर एकच असतं. निबंध मात्र मशिनकडून लिहून घेतला तर काय हरवतं, हे सांगायला मला मुक्ता साळवे आठवतात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ मध्ये छापून आला. पावणेदोनशे वर्षं होत आली, आपण तो आजही वाचतो. एका शाळकरी मुलीने लिहिलेला निबंध! त्या काळी तिच्यापेक्षा सफाईदार मराठी लिहिणारे पुण्यात पुष्कळ होते. पण जे तिने बघितलं होतं ते दुसऱ्या कुणालाही तिच्यासाठी लिहून देता आलं नसतं. तुमच्या गल्लीतलं पाणी किती वाजता येतं, ईदच्या आदल्या रात्री तुमच्या घरातली शिलाई मशीन किती वाजेपर्यंत चालते, भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर काय होतं, हे कोणत्या मशिनला माहीत आहे? शुद्धलेखन तपासून घ्या, मुद्द्यांवर चर्चा करा, पण वाक्यं तुमची असू द्या. आपल्याबद्दल दुसरे लिहितात अशी तक्रार आपण नेहमी करतो. मग आपल्याला लिहायची संधी मिळते ती, वहीतली का असेना, दुसऱ्याच्या हाती का द्यायची?

नियमांबद्दल थोडं. घरचा अभ्यास आणि परीक्षा यात फरक आहे. जे काम गुणांसाठी एकट्याने करायचं आहे, त्यात बाहेरची मदत चालते का, हे आधी शिक्षकांना विचारा. मदत घेतली असेल तर खाली एक ओळ लिहा, ‘या उत्तरासाठी अमुक ठिकाणी मदत घेतली.’ त्यात कमीपणा नाही. परीक्षा चालू असताना तिचा प्रश्न कुठेही टाकणं ही फसवणूक आहे. महाराष्ट्रात परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. पुढे संशोधनाकडे जाणाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम माहीत करून घ्यावेत. प्रबंधातला साठ टक्क्यांहून अधिक मजकूर दुसरीकडून उचललेला निघाला तर नोंदणीच रद्द होते. ही सवय पीएचडीला लागत नाही. ती आठवीच्या प्रोजेक्टमध्येच लागते.

पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणारेही ऑनलाइन भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. तुमचं नाव, कॉलेज, नंबर आणि तुम्ही काम विकत घेतल्याचा पुरावा, हे सगळं त्यांच्या हातात राहतं. उद्या त्यांनी त्याचा वापर करून आणखी पैसे मागितले तर तुम्ही कुणाकडे जाणार?

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी, पण त्याहून जास्त मागे बसलेल्या पालकांसाठी आणि भावांसाठी आहे.

प्रश्नाचा फोटो पाठवताना वहीवरचं नाव, शाळेचं नाव, हजेरी क्रमांक झाकून घ्या. चेहरा, घर, गणवेश फोटोत येऊ देऊ नका. अनोळखी ग्रुपवर मोबाइल नंबर देऊ नका. गणित सांगता सांगता कुणी ‘वेगळ्या चॅटवर ये’, ‘फोटो पाठव’, ‘घरी सांगू नकोस’ म्हणायला लागलं, तर तो शिक्षक नाही. तिथेच थांबा, स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा आणि घरातल्या मोठ्या माणसाला सांगा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर फोन करा.

‘घरी सांगा’ असं मी म्हणतो, पण मुली सांगत का नाहीत हे मला माहीत आहे. एका वाईट मेसेजची शिक्षा पाठवणाऱ्याला होत नाही, मुलीला होते. आधी मोबाइल जातो, मग क्लास जातो आणि मग हळूच शाळाही जाते. हे सगळं डोळ्यांसमोर दिसत असताना ती कशाला तोंड उघडेल? म्हणून पालकांना हात जोडून विनंती आहे. मुलीने येऊन सांगितलं तर पहिलं वाक्य हे म्हणा, ‘बरं झालं सांगितलंस.’ मोबाइल काढून घेऊ नका. भाईजान मंडळींनो, बहिणीचा मोबाइल तपासण्याआधी तिचं एखादं गणित तपासून द्या. तिला बाहेर विचारायची गरज थोडी कमी होईल. तुम्हाला येत नसेल तर दोघं मिळून विचारा.

शेवटी त्या मुलीचं काय झालं ते सांगतो. मार्चमध्ये ती पास झाली. गुण पेपरात फोटो यावा इतके नव्हते, पण गणितात होते, आणि तिच्या स्वतःच्या हाताचे होते. पुढचं शिक्षण सुरू राहिलं. आता कॉलेजमधून सुटल्यावर ती कधीकधी अभ्यासिकेत येते आणि लहान मुलांना शिकवते. परवा एका मुलाने तिच्यासमोर वही ठेवून म्हटलं, ‘आपा, याचं उत्तर सांगा ना.’ तिने वही हातात घेतली, पान उलटलं, मागचं कोरं पान बघितलं आणि विचारलं, ‘तू कुठपर्यंत आलास ते दाखव.’

तो वैतागला. मला बरं वाटलं.

आज रात्री तुम्हाला काहीतरी अडेल. अडणारच, शिकणाऱ्यालाच अडतं. मला मेसेज करा, दुसऱ्या कुणाला करा, एआयला विचारा. पण त्याआधी वहीत चार ओळी लिहा. त्या चुकल्या तरी चालतील. त्या ओळींचा फोटो आला तर मी रात्री साडेदहालाही उत्तर देईन. कोऱ्या पानाला मात्र साडेसातलाही देणार नाही.